शांत पाण्यासाठी आणि पहिल्या शर्यतीसाठी सप बोर्ड: आधी पाणी, मग वजन, दुकान शेवटी

सप, म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्ड (ज्यावर उभं राहून पॅडल, म्हणजे लांब वल्हं मारत पाण्यावर जातात ती फळी), घेताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी ऑनलाइन सवलत दिसते, मग रंग आवडतो, मग लांबी बघितली जाते. आपलं वजन, आपलं पाणी आणि आपल्या इमारतीची लिफ्ट या गोष्टी बोर्ड घरी आल्यावर आठवतात. त्यातून दोन ठरावीक चुका होतात. काहीजण साडेदहा फुटी, रुंद, सर्वसाधारण बोर्ड घेऊन शर्यतीत उतरतात आणि दर तीन-चार स्ट्रोकना बाजू बदलत नागमोडी जात राहतात. काहीजण व्हिडिओतल्या विजेत्याकडे बघून 14 फुटी, 23 इंची बोर्ड घेतात आणि पहिला महिनाभर उभे कमी, पाण्यातच जास्त असतात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पुढच्या टप्प्याचं उत्तर मागच्यावर अवलंबून आहे. मापं फूट-इंचात दिली आहेत, कारण बोर्डावरही तीच छापलेली असतात. लाटांवर सर्फिंग करायचा सप हा वेगळा प्रकार आहे, तो इथे नाही.

टप्पा 1: पाणी ठरवा

वर्षातून एकदा गोव्याला गेल्यावर कुठे उतराल ते सोडा. दर रविवारी कुठे उतरणार, ते पाणी धरा.

धरणाचा जलाशय असेल, पवना, मुळशी किंवा पानशेतच्या बाजूचा, तर सकाळी पाणी काचेसारखं असतं आणि दुपारी वारा सुटला की आखूड, टोचऱ्या लाटा उठतात. मे महिन्यात पाणी मागे हटतं आणि एरवी खोल बुडालेले दगड, झाडांचे बुंधे, जुने बांध हातभर पाण्याखाली येतात. जलपर्णी आणि मासेमारीची जाळी हे आणखी दोन त्रास. फिन (बोर्डाच्या तळाला, शेपटीकडे बसणारा पर, जो बोर्ड सरळ ठेवतो) निवडताना या सगळ्याचा हिशेब करावा लागेल. प्रत्येक जलाशयात उतरायला मोकळीक असते असंही नाही. काही ठिकाणी जलसंपदा विभागाची परवानगी लागते, काही ठिकाणी सरळ बंदी असते. बोर्ड घ्यायच्या आधी विचारा.

खाडी असेल, तारकर्लीची कर्ली किंवा गोव्यातली साळ, शापोरा, तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आलं. कोकण किनाऱ्यावर सकाळी मतलई वारे पडले की काही वेळ पाणी निपचित असतं, मग उन्हं वर आली की खारे वारे सुरू होतात. सात वाजता जो अरुंद बोर्ड स्थिर वाटला, तोच साडेअकराला डुगडुगतो. खडकांवरची कालवं फुगवायच्या बोर्डाला ब्लेडसारखी कापतात.

शर्यतीत उतरायचा विचार असेल तर ती कुठे होते तेही बघा. आपल्याकडच्या बऱ्याच शर्यती समुद्रकिनाऱ्यावरून सुटतात. मार्च 2024 मध्ये मंगळूरजवळ ससिहितलू किनाऱ्यावर जागतिक दौऱ्यातली सप स्पर्धा झाली, तीही समुद्रातच. फक्त तलावासाठी बनवलेला अतिअरुंद, खोलगट डेकचा (उभं राहायचा वरचा भाग खोल असलेला) बोर्ड अशा ठिकाणी नवख्याला उभं राहू देणार नाही.

तपासा: एका वाक्यात लिहा, उदा. “आठवड्याला एकदा, पवना, सकाळी, कधीकधी वारा, वर्षअखेरीस एक शर्यत.” हे वाक्य लिहिता येत नसेल तर अजून काही महिने भाड्याचाच बोर्ड वापरा.

सावध: पावसाळ्यात धरणाचे दरवाजे कधी उघडतील सांगता येत नाही आणि नद्यांना ओढ असते. जून ते सप्टेंबर हे दिवस खरेदीच्या हिशेबात धरूच नका.

टप्पा 2: बोर्ड राहणार कुठे?

साडेबारा फूट म्हणजे 3.8 मीटर, चौदा फूट म्हणजे जवळजवळ 4.3 मीटर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरच्या आत असतात, म्हणजे चौदा फुटी कडक बोर्ड गाडीपेक्षा लांब. लिफ्टमध्ये तो जाणार नाही. जिन्याच्या वळणावर अडकतो की नाही हे त्याच लांबीची दोरी दोघांनी धरून चढून बघितलं की कळतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टांगायचा विचार असेल तर आधी सेक्रेटरींशी बोला, नंतर नव्हे.

यात अडलात तर निर्णय इथेच झाला. फुगवायचा बोर्ड घ्या आणि पुढे चला. पाण्याजवळच्या क्लबमध्ये ठेवायची सोय असेल तरच कडक बोर्डाचा विचार करा.

टप्पा 3: वजन, स्वतःचं आणि सामानाचं

वजनकाट्यावर उभे राहा. त्यात लाईफ जॅकेट, पाण्याची बाटली, पाणी आत न शिरणारी पिशवी (ड्राय बॅग) आणि ओले कपडे मिळून पाच-सहा किलो मिळवा. मूल किंवा कुत्रा पुढे बसणार असेल तर त्याचंही वजन धरा.

बोर्डावर “कमाल भार” छापलेला असतो. तो आकडा म्हणजे कंपनीने दिलेली वरची मर्यादा, तेवढ्या भाराला बोर्ड नीट चालेल याची हमी नव्हे. माझा ठोकताळा असा: तुमचा एकूण भार छापील मर्यादेच्या साठ ते पासष्ट टक्क्यांच्या आत असावा. 78 किलोचा माणूस सामानासह 84 किलो झाला, तर किमान 130 किलोची मर्यादा बघा. त्याहून जास्त भरला की मधला भाग खाली बसतो, कडा पाण्याला टेकतात, आणि प्रत्येक स्ट्रोकला बोर्ड पाणी कापण्याऐवजी ढकलत राहतो.

नेहमीची चूक: लिटरमध्ये दिलेला आकारमानाचा आकडा बघून निर्धास्त होणं. एक लिटर आकारमान साधारण एक किलो तोलतं, त्यामुळे 300 लिटरचा बोर्ड कुणालाही तरंगवेल. तुम्हाला तो स्थिर ठेवेल का, हे लिटर सांगत नाहीत. ते पुढच्या टप्प्यात.

टप्पा 4: रुंदी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बोर्ड विकत घेऊन सहा महिन्यांत विकणाऱ्यांपैकी बहुतेकांची रुंदी चुकलेली असते.

रुंद बोर्ड स्थिर असतो पण पाणी जास्त अडवतो, शिवाय पॅडल बोर्डाच्या कडेला उभं धरता येत नाही, हात बाहेर फेकावे लागतात आणि बोर्ड वळत राहतो. अरुंद बोर्ड सरळ आणि सहज जातो, पण तोल सांभाळण्यातच ताकद संपली तर त्या वेगाचा उपयोग शून्य. नवख्याने शर्यतीतही जो बोर्ड पूर्ण वेळ जोर लावू देतो तो घ्यावा. दर मिनिटाला गुडघ्यावर बसणारा माणूस 24 इंचीवरही मागेच राहतो.

साधारण मापं अशी:

- अजून शिकताय, फेरफटका मुख्य, शर्यत “बघू पुढे”: 30 ते 32 इंच.
- तासभर न पडता उभे राहता, वजन 60 किलोच्या आत: 27 ते 28 इंच.
- तेवढीच सवय, वजन 60 ते 80: 28 ते 29 इंच.
- 80 च्या वर, किंवा उंची सहा फुटांच्या आसपास: 30 इंच. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे वजन कमी असलं तरी एखादा इंच जास्त धरा.

26 च्या खालचं काहीही पहिला बोर्ड म्हणून नको. कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी.

एक बारकावा. दोन बोर्डांवर “28” लिहिलेलं असलं तरी ते सारखे नसतात. एकाची रुंदी फक्त मध्यावर 28 असते आणि पुढे-मागे झटकन निमुळती होते. दुसऱ्याची कड लांबवर समांतर जाते आणि शेपटीकडे तो चौकोनी असतो. दुसरा बराच स्थिर वाटेल. टेप घेऊन शेपटीच्या टोकापासून फूटभर आत रुंदी मोजा. दोन बोर्डांत निवडायची वेळ आली तर नवख्याने इथे जास्त भरणारा घ्यावा.

टप्पा 5: लांबी आणि नाकाचा आकार

पाणी विस्थापित करत जाणाऱ्या कुठल्याही नौकेच्या वेगाला पाण्यातल्या लांबीची मर्यादा असते. त्या सूत्राने ढोबळ हिशेब केला तर साडेदहा फुटीला ताशी 8 किलोमीटर, साडेबारा फुटीला 8.8, चौदा फुटीला 9.3 येतात. नवखा माणूस जातो ताशी 5 ते 6 ने. म्हणजे चौदा फुटीने मिळणारा ताशी अर्ध्या किलोमीटरचा जादा वेग तुमच्या हाती अजून लागणारच नाही. लांबीचा खरा फायदा वेगळा आहे: स्ट्रोक संपल्यावर बोर्ड किती घसरत पुढे जातो आणि किती सरळ राहतो. साडेदहावरून साडेबारावर गेलात की हा फरक पहिल्याच पाच मिनिटांत कळतो. साडेबारावरून चौदावर गेलात तर नवख्याला फारसा कळत नाही, पण वळवताना आणि उचलून नेताना नक्की कळतो.

म्हणून शांत पाणी आणि पहिली-दुसरी शर्यत, एवढंच असेल तर साडेबारा फूट. वजन 85 च्या वर असेल किंवा शर्यतीचाच निश्चय असेल तर चौदा. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेच्या शर्यतीत चौदा फूट ही कमाल लांबी असते, त्याच्या पुढचा बोर्ड बघूच नका. तुमच्या शर्यतीत साडेबारा फुटींचा आणि फुगवायच्या बोर्डांचा वेगळा गट आहे का, हे तिच्या नियमावलीत बघा. काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी सगळे एकत्र सुटतात.

नाक टोकदार आणि खालून नांगराच्या फाळासारखं हवं, म्हणजे ते पाणी दोन बाजूंना सारतं. गोल, चपटं, वर वळलेलं नाक लाटांसाठी असतं. शांत पाण्यावर ते चपचप आवाज करत पाण्यावर आपटतं आणि वाऱ्यात पतंगासारखं फिरतं.

टप्पा 6: फुगवायचा की कडक

वेगात कडक बोर्ड सरस, यात वाद नाही. पण टप्पा 2 मध्ये अडकलात तर तो वेग पार्किंगमध्येच राहणार. फुगवायचा घेताना या गोष्टी हाताने तपासा, नुसत्या वाचू नका.

अ) ताठरपणा. पूर्ण हवा भरून दोन टोकांखाली दोन स्टुलं ठेवा आणि मधोमध एका हाताने दाबा. चौदा फुटी स्वस्त बोर्ड इथेच वाकतो. पाण्यावर असा बोर्ड प्रत्येक स्ट्रोकला उसळतो आणि जोर वाया जातो. सहा इंच जाडीचा, बाहेरून दोन थर असलेला बोर्ड बघा. एकेरी थराचा हलका असतो, पण शर्यतीच्या कामाचा नाही.

आ) दाब. बहुतेक बोर्डांना 15 पीएसआयच्या (पंपाच्या काट्यावरचं हवेच्या दाबाचं माप) आसपास दाब लागतो, शर्यतीच्या काहींना त्याहून जास्त. हातपंपाचा काटा सुरुवातीला हलतच नाही. साधारण 5 पीएसआयनंतर जागा होतो. “पंप खराब आला” म्हणून परत पाठवणारे बहुतेक जण इथेच थांबलेले असतात. शेवटचे चार-पाच पीएसआय घाम काढतात. ते सोडून दिले की चांगला बोर्डही गादी होतो. दुहेरी पंप (दांडा खाली दाबताना आणि वर ओढताना, दोन्ही वेळा हवा भरणारा) असेल तर आठ-दहा पीएसआयनंतर तो एकेरीवर आणा.

इ) झडप. हवा भरायच्या आधी मधली पिन दाबून फिरवा, ती वर उठलेली हवी. खाली राहिली तर नळी काढताच सगळी हवा फस्स.

ई) जोड. कडेच्या जोडांवर आणि झडपेभोवती साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की बोर्ड परत करा.

सावध: भरलेला बोर्ड उन्हात किनाऱ्यावर टाकून जेवायला बसू नका. आतली हवा तापून दाब वाढतो आणि जोड उसवतात. सावली नसेल तर थोडी हवा सोडा किंवा बोर्ड पाण्यात ठेवा.

कडक बोर्डाला हवेचं छोटं बूच असतं. ते स्क्रूचं असेल तर कोकणातून घाट चढताना किंवा गाडीच्या टपावर उन्हात नेताना उघडं ठेवा, आणि पाण्यात उतरायच्या आधी न चुकता घट्ट करा. उघडं राहिलं तर आतला फोम पाणी पितो. तो वाळवणं हे फार कटकटीचं काम आहे.

टप्पा 7: फिन

शांत पाण्यासाठी मधलं एकच मोठं फिन पुरतं, 8 ते 9 इंच. तीन छोटी कायमची चिकटवलेली फिनं असलेला बोर्ड टाळा, कारण ती बदलता येत नाहीत. फिनचा खाचा प्रमाणित मापाचा आहे ना, हे दुकानदाराला विचारा. फक्त त्याच कंपनीचं फिन बसत असेल तर ते हरवल्यावर अडाल.

जलपर्णी किंवा शेवाळाचं पाणी असेल तर मागे जास्त झुकलेलं फिन घ्या, त्यावरून वेल निसटतात. मे महिन्यातल्या उथळ जलाशयासाठी चार-पाच इंचाचं लवचिक फिन पिशवीत असू द्या. फिनचा झुकलेला भाग शेपटीकडे हवा. ते उलटं बसवून “बोर्ड सरळ जात नाही” म्हणणारे लोक दर शनिवारी किनाऱ्यावर भेटतात. स्क्रू वाळूत पडला की सापडत नाही, दोन जादा ठेवा.

टप्पा 8: पॅडल आणि सुरक्षेचं सामान

बोर्डाबरोबर फुकट येणारं अ‍ॅल्युमिनियमचं पॅडल साधारण किलोभर असतं, कार्बनचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. मिनिटाला 40 स्ट्रोक धरले तर तासाला 2,400. प्रत्येक वेळी तेवढं वजन उचलून पुढे न्यायचंय. पैसे मर्यादित असतील तर बोर्ड एक पायरी खालचा घ्या आणि पॅडल एक पायरी वरचं. यावर माझं मत पक्कं आहे.

लांबी: आपल्या उंचीपेक्षा 8 ते 10 इंच जास्त. फुगवायच्या सहा इंची बोर्डवर तुम्ही पाण्यापासून उंच उभे असता, तिथे वरचा आकडा धरा. पहिल्यांदा लांबी बदलता येणारं पॅडल घ्या. पातं मोठं म्हणजे वेग जास्त, हा गैरसमज आहे. मोठं पातं खांदे काढतं. 80 ते 85 चौरस इंच बहुतेकांना पुरे. पात्याचा बाक पुढे, म्हणजे बोर्डाच्या नाकाकडे हवा. हे जवळजवळ प्रत्येक नवखा उलटं धरतो.

लीश, म्हणजे तुम्हाला बोर्डाशी बांधून ठेवणारी दोरी, गुंडाळीची घ्या, सरळ लीश पाण्यात लोंबते आणि वेलींत अडकते. वाऱ्यात सुटलेला बोर्ड पोहणाऱ्यापेक्षा जलद जातो, म्हणून लीशशिवाय उतरू नका. पाण्याला ओढ असेल, बुडालेली झाडं किंवा जाळी असतील, तर पायाची लीश उलट धोक्याची. तिथे कमरेला बांधायची, एका ओढीत सुटणारी हवी. लाईफ जॅकेट पोहता येत असलं तरी.

टप्पा 9: पाण्यावर चाचणी

इथपर्यंत आलात की तुमच्याकडे दोन किंवा तीन मापं उरलेली असतील. त्यांच्या जवळचा बोर्ड भाड्याने किंवा ओळखीच्यांकडून मिळवा. दहा मिनिटं कुठलाही बोर्ड चांगला वाटतो. किमान पाऊण तास हवा, आणि शक्य असेल तर थोड्या वाऱ्यात.

1. उचलायची मूठ बोर्डाच्या मध्यावर असते. तिच्या दोन बाजूंना पाय ठेवून उभे राहा. मागून खळखळ आवाज येत असेल तर तुम्ही फार मागे आहात, नाक पाण्यात शिरत असेल तर फार पुढे. जागा न सापडता दोन्ही होत असेल तर तुमच्या वजनाला बोर्ड लहान आहे.
2. पॅडल न मारता स्थिर उभे राहा. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग खांद्यावरून मागे बघा. मागे बघताना पडलात तर रुंदी कमी आहे.
3. एका बाजूने सलग स्ट्रोक मारा. सात-आठ स्ट्रोकपर्यंत बोर्ड बऱ्यापैकी सरळ जायला हवा.
4. वाऱ्याला आडवे जा. नाक सारखं वाऱ्याबरोबर फिरत असेल तर ते फार उंच आहे किंवा फिन लहान आहे.
5. मुद्दाम पाण्यात पडा आणि परत चढा. मधून, मुठीला धरून, पाय मागे मारत. चढता येत नसेल तर बाकी सगळं फोल.

अर्ध्या तासानंतर खाली पायांकडे बघा. बोटं आतल्या बाजूला वळून डेकला घट्ट धरत असतील, पोटऱ्या दगड झाल्या असतील, तर बोर्ड सध्या तुमच्यासाठी अरुंद आहे, तोंडाने कितीही “जमतंय” म्हणत असलात तरी. दोन इंच रुंद घ्या. बोटं सैल आणि नजर समोर असेल तर माप बरोबर आहे.

टप्पा 10: पैसे देताना

नव्या बोर्डाला पंप, पिशवी, फिन, लीश आणि दुरुस्तीचा संच यांपैकी काय काय येतं ते बिलावर लिहून घ्या. वॉरंटीसाठी बोर्ड परदेशी पाठवावा लागतो की इथेच दुरुस्त होतो, हेही विचारा. कोकणात आणि गोव्यात सीझन संपताना, मे अखेरीस, वॉटरस्पोर्ट्सवाले भाड्याचे जुने बोर्ड काढतात. चांगला सौदा मिळू शकतो, पण असा बोर्ड वर्षभर उन्हात राहिलेला असतो.

जुना फुगवायचा बोर्ड असेल तर आदल्या रात्री पूर्ण भरून ठेवायला सांगा आणि सकाळी दाब बघा. किंचित उतरलेला चालेल, मऊ झालेला नाही. कडक बोर्डाचं वजन ताणकाट्याला टांगून करा. छापील वजनापेक्षा किलोभर जास्त भरला तर आत पाणी गेलेलं असू शकतं. डेकवर, विशेषतः उभं राहायच्या जागी, अंगठ्याने दाबत जा. कुठे पोकळ टकटक किंवा मऊपणा लागला तर वरचा थर फोमपासून सुटलाय. तसा बोर्ड अर्ध्या किमतीतही घेऊ नका. नाकावरची आणि कडेची बुजवलेली खरचट चालते, तिच्यावर भाव पाडून मागा.